उठबशांचा तक्ता

३ मार्च

जिन्याखालच्या फळ्यावर आज वसाहत कार्यालयाची सूचना लागली. चार कोपऱ्यांना चार टाचण्या, त्यातली एक तिरकी. ती आधी सरळ केली, मग वाचलं. साठ वर्षांवरच्या सर्व रहिवाशांची 'शारीरिक साक्षरता व कार्यक्षमता' मोजण्यात येणार आहे.

तळमजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांना साक्षर केलं, आता मलाच निरक्षर ठरवणार का?" मी समजावलं की याचा अक्षरांशी संबंध नाही, आपलं शरीर आपल्याला किती वाचता येतं त्याच्याशी आहे. त्या म्हणाल्या, "मला वाचावं लागत नाही. ते रोज सकाळी मोठ्यांदा बोलतं."

खरी गोम दुसऱ्या परिच्छेदात आहे. आमची लिफ्ट ऑगस्टपासून बंद. पाच मजले, साठीच्या पुढचे अडतीस जण, आजवर सहा अर्ज. कार्यालय म्हणतं की दुरुस्ती आता गरजेनुसारच होईल. हातांची घडी छातीशी घालून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठून बसता येतं ते प्रत्येकाचं मोजायचं. इमारतीची सरासरी बारापेक्षा कमी आली तर लिफ्ट. बारा किंवा त्यावर आली तर जिना पुरेसा आहे असं समजलं जाईल.

नोंदी ठेवण्यासाठी रहिवाशांपैकी एक मानद नोंदणीकार हवा होता. अर्थात मीच. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे तपासले, खोट्या मापावर एकदाही सही केली नाही. निवृत्तीनंतर मापाला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. ही म्हणाली, "बरं झालं, लागलं काम." तिच्या स्वरात आनंद होता असं मी धरून चालतो.

५ मार्च

गच्चीवर जायला कोणी तयार नसल्याने बैठक तळमजल्यावर मुख्याध्यापिकाबाईंच्या व्हरांड्यात झाली. बाईंनी मुद्दा मांडला की लिफ्ट हवी असेल तर सगळ्यांनी 'नैसर्गिक संथपणे' उठावं-बसावं. घाई करू नये. वयाचा मान राखावा.

मी हरकत घेतली. मापात हात घालणं हा गुन्हा आहे, मग तो हात तागडीत असो की गुडघ्यावर. दुसऱ्या मजल्यावरचा पोस्टमन म्हणाला, "काटेवाले, तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता. तुम्हाला काय जातंय?" (मला सगळे काटेवाले म्हणतात. मी कधी हरकत घेतलेली नाही.) लग्नात बँड वाजवणारा तिसऱ्या मजल्यावरचा बँडवाला म्हणाला की तो तसाही आठच्या वर जाणार नाही, त्याचा दम तुतारीतच गेला.

शेवटी असं ठरलं की कोणी मुद्दाम खोटं करायचं नाही, पण कोणी जिवावर उदार होऊन खरंही करायचं नाही. हा ठराव मी लिहिला. नीट वाचला तर त्याला अर्थ नाही.

८ मार्च

अक्काला चाचणीचा निरोप हिच्याबरोबर वर पाठवला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शहात्तर वर्षांची, पाचव्या मजल्यावर एकटी राहते. मुलगा परदेशी. दर रविवारी फोन करतो, ती त्याला सांगते, ठणठणीत आहे.

निरोपाचं उत्तर आलं, "त्याला म्हणावं, तू वर ये."

हे बरं आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे चहाला आली असताना मी तिच्या चष्म्याची काडी दोन मिलिमीटर वाकडी असल्याचं दाखवलं, तर म्हणाली, "तुझ्या मापात कोणीच बसत नाही रे, तूसुद्धा." त्यानंतर चहाला आलेली नाही. आधी पावसाळा होता, मग थंडी होती, मग माझ्या लक्षात आलं की राग आहे. मी धाकटा असलो तरी बोलली ती होती. तिनं उतरावं. पाचव्या मजल्यावर माझं तसं काही काम नसतं.

ही मात्र रोज सकाळी वर जाते आणि दीड-दोन तास खाली येत नाही. नणंद-भावजयीच्या इतक्या काय गप्पा असतात कोण जाणे. येते तेव्हा साडीचा काठ ओला असतो आणि माझा दुसरा चहा बुडालेला असतो.

१२ मार्च

चाचणीची खुर्ची आली. नियमाप्रमाणे बैठक त्रेचाळीस सेंटिमीटर हवी. माझ्या मापात एक्केचाळीस पूर्णांक आठ भरली. कार्यालयाला पत्र दिलं. कार्यालयाने एक पुठ्ठा पाठवला.

१५ मार्च

चाचणीचा दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी नऊला तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत सगळी मांडणी केली. कार्यालयाने पाठवलेली चाचणीवाली मुलगी पंचविशीची, शिकलेली फिजिओथेरपिस्ट, फारच मऊ बोलते. एकेकाला विचारायची, "काका, दुखतंय का कुठे?" आणि काका छाती काढून म्हणायचे, "छे."

आधी प्रश्नपत्रिका. 'हालचाल करताना मला आत्मविश्वास वाटतो', याला एक ते दहा गुण द्यायचे. मी दहा दिले. बँडवाल्याने माझ्या कागदात डोकावून दहा दिले. हिने विचारलं, "हालचाल म्हणजे काय, घरकाम धरायचं का?" मुलगी म्हणाली, व्यायाम, चालणं, खेळ असं. "मग माझी हालचालच नाही," असं म्हणून हिने चार दिले.

मग खुर्ची. पहिल्या मुख्याध्यापिकाबाई. ठरल्याप्रमाणे अगदी संथ, वयाचा मान राखत, दहा. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरा पोस्टमन. तोही दहावर थांबणार होता, पण कोपऱ्यात उभ्या असलेल्या औषधवाल्याने, म्हणजे आपल्या नाक्यावर चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या गृहस्थाने, नुसतं म्हटलं, "तेवढंच होणार आता." पोस्टमनच्या कानशिलाची शीर उडाली. सतरा.

मग काय, पाणी वाहतं झालं. औषधवाला अठरा. बँडवाला, ज्याचा दम तुतारीत गेला होता, एकोणीस, आणि शेवटच्या वेळी उभा राहून त्याने सलाम ठोकला. चौथ्या मजल्यावरच्या मावशी, ज्या एरवी पिशवी उचलायला माणूस शोधतात, सोळा. मुख्याध्यापिकाबाईंनी उठून सांगितलं की त्यांचे दहा हे खरे नव्हेत, त्यांची फेरचाचणी घ्यावी. नियमात दोन संधी आहेत. त्यांनी पंधरा केले आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "शिस्तीचा प्रश्न होता."

मी कुणाला थांबवू शकत नव्हतो. मापात हात घालायचा नाही हे माझंच म्हणणं.

ही उशिरा आली, अक्काकडून. पाचही मजले उतरून, पदराला हात पुसत, तशीच खुर्चीत बसली. अकरा. मुलीने विचारलं, "काकू, दमलात का? आज बरंच चढणं-उतरणं झालं का?" ही म्हणाली, "रोजचंच. आज दोनदाच."

शेवटी माझी पाळी. माझ्या मोजणीप्रमाणे नऊ. मुलगी म्हणाली सात, कारण दोन वेळा हात मांडीवर टेकले. मी म्हणालो, हात टेकले नव्हते, विजारीची घडी सारखी केली. शिवाय पुठ्ठा सरकत होता. बैठकीची उंची स्थिर नसेल तर माप ग्राह्य धरता येत नाही हे कुठल्याही न्यायालयात टिकेल. मुलगी म्हणाली, "काका, तुम्हीच नोंदणीकार आहात, काय लिहू?" मी माझ्या नावापुढे 'उपकरणदोष, फेरचाचणी बाकी' असं लिहिलं. हे नियमाला धरूनच आहे.

१६ मार्च

बेरीज केली. एकूण अडतीस. हजर एकतीस. माझी ओळ बाकी, म्हणून धरलेले तीस. एकूण उठबशा चारशे अडतीस. सरासरी चौदा पूर्णांक सहा.

गैरहजर सात. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे, चौथ्यावरचे घड्याळजी आणि त्यांची बायको, पाचव्यावरचे एक निवृत्त कारकून, नर्सबाई आणि अक्का. सगळे वरचे. वरच्या लोकांना वेळेचं महत्त्व नाही असं माझं निरीक्षण आहे. तीनदा निरोप दिला, एकानेही खाली यायची तसदी घेतली नाही. सात जणांपुढे 'अनुत्सुक' असा शेरा मारला.

१८ मार्च

हिला चाचणीचा अर्थ समजावून सांगितला. अकरा म्हणजे तिच्या वयाला कमी. रोज अर्धा तास चालायला हवं, थोडे जिने चढायला हरकत नाही. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही येता का बरोबर?" मी म्हणालो, पाहू. ती पाण्याचं भांडं घेऊन वर गेली.

२ एप्रिल

निकाल आला. आमची इमारत सगळ्या वसाहतीत पहिली. लिफ्टचा अर्ज 'गरज आढळली नाही' या शेऱ्यासह निकाली. सोबत 'आदर्श सक्षम इमारत' अशी ढाल मिळणार.

पोस्टमनने फळ्यावरचं पत्र वाचलं आणि दुसऱ्या मजल्याकडे निघाला. पाचव्या पायरीवर थांबून त्याने कठड्याला हात लावला. मग खाली पाहिलं, आम्ही पाहतोय हे कळलं, आणि झरझर चढून गेला.

६ एप्रिल

ढाल द्यायला स्वतः कल्याण अधिकारी आले. वय बेचाळीस-त्रेचाळीस, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. भाषणात म्हणाले की बंद लिफ्टमुळेच ज्येष्ठांची कार्यक्षमता वाढली असावी, आणि हा अनुभव इतर इमारतींतही राबवण्याचा विचार आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, सवयीने.

ढाल लिफ्टच्या बंद दारावर टांगली आहे. दुसरीकडे खिळा नव्हता.

१० एप्रिल

आजचं जमेल तसं लिहितो. चढून आलो आहे.

हिला कालपासून ताप. सकाळी उठून बसली आणि म्हणाली, "अक्कांकडे जायला हवं." मी म्हणालो, एक दिवस नाही गेलीस तर काय होतं, तिला गरज असेल तर येईल खाली. हिने पांघरूण बाजूला सारलं.

"अहो, अक्का सप्टेंबरपासून खाली आलेल्या नाहीत."

"रागावली आहे म्हणून."

"खुर्चीतून उठता येत नाही म्हणून. पलंग उंच आहे, तिथून हाताने जोर लावून उठतात. भिंत धरून मोरीपर्यंत जातात. अंघोळ मी घालते. मी नाही गेले तर पलंगाजवळ पाणी पण नसेल."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती. भावाला सांगू नकोस, तो तक्ता करेल म्हणाल्या."

मग म्हणाली, "आणि तुम्हालाही पाचव्या मजल्यापर्यंत चढवत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तेही तुम्हीच सांगा."

मला चढवत नाही असं नाही. प्रसंग आला नव्हता.

पाण्याचं भांडं, डबा आणि खिशात मोजपट्टी घेऊन नऊ वाजून दहा मिनिटांनी निघालो. दुसऱ्या मजल्यावर थांबून पायरीची उंची घेतली, सतरा पूर्णांक दोन. तिसऱ्यावर पुन्हा घेतली. तीच होती, पण खातरजमा केलेली बरी. तिथे खाली बसून घेतली, कारण उभ्याने डोळ्यांपुढे आकडे हलत होते. बँडवाल्याचं दार अर्धवट उघडं होतं. तो खुर्चीत बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. तो म्हणाला, "एकोणीस केल्यापासून असं आहे." दार लोटून घेतलं. चौथ्यावर काही मोजलं नाही. घड्याळजींच्या घरातली सगळी घड्याळं टिकटिक करत होती आणि माझं काळीज त्यांच्यापेक्षा पुढे होतं.

पाचव्यावर पोचलो तेव्हा दहाला तीन मिनिटं कमी होती. सत्तेचाळीस मिनिटं.

अक्काचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ती पलंगाच्या कडेला बसली होती, केस विंचरलेले नव्हते. किती लहान झाली आहे. दाराशी एक बुटकीशी खुर्ची होती, त्यात बसलो.

"बायको कुठे?" तिने विचारलं.

मी बोटानं सांगितलं, थांब. श्वास आल्यावर म्हणालो, "ताप आहे."

"मग तू कशाला आलास? दुसऱ्या कुणाला पाठवायचंस."

"तूच म्हणाली होतीस ना, वर ये."

"मार्चमध्ये म्हटलं होतं."

"जिना लांब आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, तोंड कसं होतं मला माहीत नाही. मग ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, लहानपणी शाळेत मार खाऊन आलो की हसायची तशी. मला राग आला. मग राग टिकला नाही.

"आणि मी समजत होते तू रुसलास," ती म्हणाली. "चष्म्यावरून."

"मीही तेच समजत होतो."

"मी रुसले असं?"

"हो."

"आठ महिने?"

मी म्हणालो, हिशोबाने सात आणि थोडे दिवस. ती म्हणाली, "तुझं काही व्हायचं नाही."

पाणी दिलं. डबा उघडून दिला. तिच्या केसांत कंगवा घालता येईल का असं तिने विचारलं. हात वर नेला की खांदा अडतो म्हणाली. मी कधी कुणाचे केस विंचरलेले नाहीत. भांग सरळ पाडला, त्यात मात्र चूक नाही.

मग जायला उठलो तर त्या बुटक्या खुर्चीतून उठता येईना. अक्का पलंगावरून म्हणाली, "हात टेक. इथे कोणी मोजत नाही."

११ एप्रिल

ही अजून तापातच. पुन्हा वर गेलो, बावन्न मिनिटं. अंघोळीचं पाणी काढून दिलं आणि नर्सबाईंना हाक मारली. त्या शेजारच्याच खोलीत असतात, तीन पायांची काठी टेकत आल्या. सातही 'अनुत्सुक' आपापल्या मजल्यावर एकमेकांच्या दारापर्यंत जातात, भिंत धरून. एकमेकांचं दूध घेतात. खाली कोणालाच माहीत नाही.

'अनुत्सुक' हा शब्द मी लिहिला आहे. शाईने.

१३ एप्रिल

चाचणीवाल्या मुलीला फोन केला होता. सुट्टीच्या दिवशी आली. मी म्हणालो, खुर्ची खाली ठेवून वरच्यांना बोलावणं ही मापनातली चूक आहे. माल काट्याजवळ येत नसेल तर काटा मालाजवळ न्यावा लागतो. ती म्हणाली, "काका, मी हे पहिल्याच दिवशी साहेबांना बोलले होते. ते म्हणाले, येतील त्यांचंच धरा." खुर्ची तिने उचलली, मी पुठ्ठा घेतला. ती मजल्या-मजल्याला माझ्यासाठी थांबली आणि दर वेळी बुटाची नाडी बांधायला वाकली. नाड्या सुटल्या नव्हत्या.

तिसऱ्यावरचे दोघे, चार आणि शून्य. घड्याळजी शून्य, त्यांची बायको दोन. कारकून शून्य. नर्सबाई तीन, आणि तिसऱ्यानंतर त्या मुलीलाच म्हणाल्या, माझी नाडी बघ, मी सांगते कशी बघायची.

अक्काने हाताची घडी छातीशी घातली. मुलगी म्हणाली, सुरू. अक्का पुढे झुकली. मानेच्या शिरा दिसल्या, पाय थरथरले, बैठक खुर्चीपासून बोटभर सुटली आणि परत टेकली. पुन्हा झुकली. तीस सेकंद फार मोठे असतात हे मला एकतीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. वेळ संपली तरी ती प्रयत्न करत होती.

"किती?" तिने विचारलं.

मुलीने तक्ता माझ्यापुढे धरला. नोंदणीकार मी होतो. "शून्य," मी म्हणालो.

"मग लिही की तसं," अक्का म्हणाली. "माझ्याकडे काय बघतोस?"

लिहिलं. मग मुलगी बराच वेळ तिथे बसली आणि अक्काला हात टेकून, पाय मागे घेऊन, नाक पायाच्या बोटांवर आणून कसं उठायचं ते दाखवत राहिली. तिसऱ्या खेपेला अक्का उभी राहिली. तक्त्यात याला जागा नाही.

१४ एप्रिल

बेरीज.

तिसांचे चारशे अडतीस. सात जणांचे मिळून नऊ. चारशे सत्तेचाळीस. राहिली एक ओळ, माझी. फेरचाचणीची मुदत संपली आहे, म्हणजे त्या दिवशीचाच आकडा भरायचा.

नऊ भरले तर चारशे छप्पन्न. भागिले अडतीस, बरोब्बर बारा. नियम म्हणतो बारापेक्षा कमी. बारा म्हणजे जिना पुरेसा.

सात भरले तर अकरा पूर्णांक पंच्याण्णव.

सकाळपासून तीनदा भागाकार करून पाहिला. तोच येतो. मी कागद ठेवून हिला विचारलं (ताप उतरला आहे, भाजी निवडत होती), की त्या दिवशी माझे किती झाले होते, तुला आठवतं का.

"सात," ती म्हणाली.

"तू मोजत होतीस?"

"बघत होते. पडलात तर धरायला म्हणून जवळ उभी होते."

मी म्हणालो, विजारीची घडी सारखी केली होती ना दोनदा. ती म्हणाली, "घडी मीच घातली होती. ती बिघडत नाही."

सात लिहिले. 'उपकरणदोष' खोडला, खोडल्यावर सही केली. प्रश्नपत्रिकेतले दहाही खोडून पाच केले. मग सात ठिकाणी 'अनुत्सुक' खोडून 'खाली उतरू शकत नाहीत' लिहिलं. एका तक्त्यात इतकी खाडाखोड दुकानदाराची असती तर मी परवाना थांबवला असता.

१७ एप्रिल

कल्याण अधिकाऱ्यांचा फोन. सुधारित तक्ता संगणकात भरता येत नाही. यंत्र शून्य घेत नाही, किमान एक लागतो.

"एक लिहा ना," ते म्हणाले. "एकाने काय बिघडतं?"

चार शून्यांचे चार एक झाले तर चारशे अठ्ठावन्न, म्हणजे बारापेक्षा जास्त. हे मी सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की शून्य हेच माप आहे.

"मग गैरहजर दाखवा. गैरहजर चालतं."

"ते हजर आहेत, साहेब. कुठेच जात नाहीत, यापेक्षा हजर माणूस कसा असणार?"

ते वैतागले. म्हणाले, शून्याला अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते. मी म्हणालो, या. लेखी पण कळवलं, पोच घेतली.

२४ एप्रिल

आले. बरोबर मुलगी. ऊन चढलेलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत फोनवर बोलत होते, चौथ्यावर फोन बंद झाला. घड्याळ मनगटावर वाजलं. मी विचारलं काय म्हणतंय, तर मुलगी म्हणाली, "विश्रांती घ्या म्हणतंय." मी मागून येत होतो, माझ्या वेगाने. पायऱ्यांवर दोनदा बसलो. यावेळी पट्टी आणली नव्हती.

पोचलो तेव्हा साहेब अक्काच्या बुटक्या खुर्चीत होते, रुमालाने मान पुसत. अक्का पलंगावरून सांगत होती, "माठ स्वयंपाकघरात, डावीकडे. मला उठायला वेळ लागेल, तुम्हीच घ्या." साहेब निघाले, पण खुर्चीचे दोन्ही हात धरून. अक्काने ते पाहिलं. "हात लावलात," ती सहज म्हणाली. मुलीने वहीत डोकं घातलं.

साहेब दोन पेले पाणी प्यायले. मग अक्काला काही न विचारता खिडकीतून खाली बघत राहिले. म्हणाले, "आमची आई तिसऱ्यावर राहते." उरलेल्या तिघांची पडताळणी त्यांनी सह्या करून आटोपली, कोणाला उठायला लावलं नाही. मापनाच्या दृष्टीने हे चूक आहे. मी नोंद केली नाही.

२० मे

मंजुरी आली. 'अपवादात्मक बाब' म्हणून. ढाल परत मागितली आहे.

मी आता एक दिवसाआड वर जातो. बेचाळीस मिनिटं. ही म्हणते, माझा श्वास दारातूनच ऐकू येतो, आणि अक्का चहा ठेवते. अक्का उठून चहा ठेवते, हे दोन ओळी लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं.

११ जून

लिफ्ट सुरू झाली. फळ्यावर नवीन सूचना आहे. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी होईल आणि सरासरी सुधारल्यास लिफ्टच्या गरजेचा फेरविचार केला जाईल. मुख्याध्यापिकाबाईंनी पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे आता बरं व्हायचीही चोरी." पोस्टमन आणि औषधवाला लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर गेले आणि परत आले. काही काम नव्हतं.

संध्याकाळी साडेपाचला लिफ्टचं दार उघडलं आणि आत अक्का होती, चालायच्या चौकटीला धरून, शेजारी ही. जवळजवळ नऊ महिन्यांनी. खालची जमीन तिने चपलेने चाचपली. अंगणातलं झाड वाढलंय म्हणाली. मी म्हणालो, फार नाही. ती म्हणाली, "तू मोजलंस?" मी खरंच मोजलं नव्हतं.

अंगणातल्या दगडी बाकावर आम्ही दोघं बसलो. ती रस्त्याकडे बघत होती, भाजीच्या गाडीकडे, शाळेतून येणाऱ्या मुलींकडे, प्रत्येकाला कोण कुणाची ते विचारत. मला अर्ध्यांची माहिती नव्हती. हिला सगळ्यांची होती. अंधार पडायला लागला तसं निघायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की बाक फार खाली आहे आणि त्याला हातही नाहीत. अक्काला उठवायला ही आणि पोस्टमन लागले. मला उठवायला बँडवाला, आणि त्याचा गुडघा अजून दुखतो, म्हणून औषधवाला त्याला धरायला. सगळे उभे राहिल्यावर जरा वेळ तसेच थांबलो, कोणी आधी चालायचं हे न कळून.

उद्या साडेपाचला पुन्हा बसायचं ठरलं आहे. उठायचं काय ते मग बघू.